आक्कांच्या पक्क्या बातम्या

यमुनाक्का गेल्याचं मला तिघांनी कळवलं आणि तिघांनी तीन वेगळ्या वेळा सांगितल्या. एकाने पहाटे म्हटलं, दुसऱ्याने सकाळी चहा झाल्यावर. तिसऱ्याने वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूरच पुढे पाठवला, त्यात तर आदला दिवस होता. मी संगमनेरजवळच्या शाळेत वर्गावर होते. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आक्कांनी यातली एकही वेळ तोंडातून काढली नसती. आधी घरच्या माणसाला गाठून विचारलं असतं, जवळ कोण होतं, आणि त्याने घड्याळ पाहिलं होतं का.

राहुरी तालुक्यात धरणाच्या फुगवट्याला लागून काठवस्ती आहे. साठ-सत्तर घरं, मारुतीचं देऊळ, दोन खोल्यांची शाळा आणि तीन बाजूंना पाणी. मी जामखेडकडची, टँकरमागे हंडा घेऊन पळण्यात वाढलेली. इतकं पाणी रोज दाराशी बघायची मला सवय नव्हती. त्या शाळेत मी सहा वर्षं काढली आणि पहिल्या संध्याकाळपासून आक्कांचा आवाज कानावर होता.

दिवेलागणीला देवळासमोरच्या लिंबावरचा भोंगा खरखरायचा. मग आक्का बोलायच्या, "ऐका काठवस्ती. आज पक्क्या चार, ऐकीव एक." एवढं ऐकलं की बायका चुलीवरचा तवा उतरवून दारात येत. आक्का अंगणवाडीतून मदतनीस म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंतचं. अंगाने उंच, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घर देवळाला लागूनच, त्यामुळे माईकच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली आणि किल्लीबरोबर हे कामही. त्यांना कोणी नेमलं नव्हतं.

आश्विन लागला की त्यांची धांदल उडे. धरणाचे दरवाजे बंद झाले, धरणाखालच्या रस्त्यावरचं पाणी आता उतरेल. मळणीयंत्र उद्या कोणाच्या खळ्यावर येणार. जनावरांच्या लसीला डॉक्टर कधी बसणार. ऊसतोडीच्या टोळ्या कोणत्या रानात उतरल्या आणि त्यांच्यातल्या लेकरांना शाळेत पाठवा म्हणून निरोप. देवीच्या मांडवात आजची आरती कोणाकडे. कोणाची शेळी चुकली. एकदा त्यांनी सांगितलं, "पान्यावर उत्तरेकडची बदकं उतरली. मी मोजली न्हाईत." वस्ती हसली, पण त्या गंभीरच होत्या. मोजली नव्हती, म्हणून तसं सांगितलं.

बातमी घेऊन कोणी गेलं, की त्या आधी पाटी पुढे ओढायच्या. वही नाही, दगडी पाटी. मग विचारायच्या, कोणी पाहिलं? कुठं उभं राहून? कधी? तिन्हींची उत्तरं मिळाली तर पाटीच्या उजव्या बाजूला लिहीत, नाही तर डाव्या. उजवीकडची पक्की, डावीकडची ऐकीव. डावीकडचीसुद्धा त्या सांगत, पण सांगताना ती ऐकीव आहे हे दोनदा म्हणत. काही जणांना या चौकशीचा राग येई. एक सासू सून पळून गेल्याचं सांगायला म्हणून गेली, ती या प्रश्नांनी इतकी बेजार झाली, की तशीच माघारी फिरली. सून माहेरून दुसऱ्या दिवशी परत आली.

बिबट्याच्या वेळचं तर मी स्वतः पाहिलं. उसाच्या कडेला पंजे उमटले म्हणून सकाळीच ओरड झाली. पोरांना शाळेत पाठवायचं नाही असं ठरायला लागलं. आक्का काठी घेऊन तिथे गेल्या, मीही मागोमाग गेले. त्या चिखलात उकिडव्या बसल्या, बोटाने न शिवता बराच वेळ बघत राहिल्या. संध्याकाळी भोंग्यावर म्हणाल्या, "पंजा कुत्र्याचा हाय. नखं उमटल्यात. बिबट्या नखं आत घेऊन चालतो." पुढच्याच आठवड्यात त्यांनी भर दुपारी माईक लावला. एकच वाक्य बोलल्या, बिबट्या मी पाहिला, ओढ्याच्या वळणावर, आत्ता. त्यांचं बोलणं संपायच्या आत सगळ्या वस्तीची दारं लागली होती. मीही शाळेची कडी लावली. खरं-खोटं करावं असं कोणाच्याच मनात आलं नाही.

त्यांचा हा स्वभाव कुठून आला ते मला शेजारच्या कौसल्याबाईंनी सांगितलं. आक्कांचे मालक धरणात मासे धरत. एका सकाळी ते परतले नाहीत. आक्का शोधायला निघाल्या तर कोणीतरी म्हणालं, अहो, त्यांना राहुरीच्या बाजारात बघितलंय. ते एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दुपारपर्यंत चार जणांनी त्यांना बाजारात बघितलेलं होतं. आक्का स्वयंपाक करून वाट बघत बसल्या. होडी पाण्यात घालायला संध्याकाळ झाली. मालक तिसऱ्या दिवशी सापडले. प्रत्यक्ष बाजारात त्यांना कोणीच बघितलं नव्हतं. आक्का स्वतः यातलं अवाक्षर कधी बोलल्या नाहीत.

त्यांना मूल नव्हतं. धाकट्या दिराचा मुलगा विलास तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि आक्कांनी त्याला वाढवला. मी तिथे होते तेव्हा तो पंचविशीचा होता. देखणा, बोलायला तेज, वस्तीतल्या तरुण मंडळाचा पुढारी. नवरात्राचा मांडव त्याचाच. आक्कांना तो 'आक्का'च म्हणे, आणि जेवायला बसला की त्यांच्या ताटातला घास हक्काने उचलून खाई.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधीपासून सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. पोरं पळवणारी टोळी जिल्ह्यात आलीय, फेरीवाल्यांच्या वेशात फिरतेय, सावध राहा. कुठल्या तरी अनोळखी रस्त्यावर लोक कोणाला तरी मारत होते आणि वरून एक माणूस मराठीत बोलत होता. विलासने तो आक्कांना दाखवला आणि भोंग्यावर सांगायला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसले होते. आक्कांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं, की हे गाव कुठलं.

विलास म्हणाला, "सगळ्या ग्रुपवर हाय आक्का."

"सगळ्यांनी पाठवलं म्हंजी कोनी पाह्यलं, असं हुतं का?"

त्याने फोन खिशात घातला आणि उठून गेला. आक्कांनी पाटीच्या डाव्या बाजूलाही ते लिहिलं नाही. पण त्यांनी सांगितलं नाही म्हणून काही ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आया मुलांना हाताला धरून शाळेत आणून सोडायला लागल्या. रस्त्यावर अनोळखी मोटारसायकल दिसली की बोलणी थांबत. मीसुद्धा फाटकाला कुलूप लावायला लागले. हे मला कबूल केलं पाहिजे.

सातव्या माळेच्या दुपारी गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करणारे दोघे जण वस्तीत आले. बरोबर एक बाई होती. शाळा नुकतीच सुटली होती. त्या बाईने रस्त्यातल्या एक-दोन मुलांना बिस्किटं दिली. थोड्या वेळाने कौसल्याबाईंची चार वर्षांची नात स्वरा कुठे दिसेना. घरात नाही, मांडवात नाही, अंगणवाडीत नाही. स्वराच्या आईने हंबरडा फोडला आणि कोणीतरी बिस्किटांचं बोललं.

मी आरडाओरडा ऐकून धावत देवळापाशी आले तोवर त्या दोघांना लिंबाला बांधलं होतं. बाई खाली बसली होती, तिने डोकं गुडघ्यांत घातलं होतं. चाळीसेक माणसं असतील. काहींच्या हातात मांडवाच्या काठ्या होत्या. जो तो ओरडून एकच विचारत होता, पोरगी कुठंय. ते दोघे काय सांगत होते ते ऐकूही येत नव्हतं. मी मागे सरकून, भिंतीआड होऊन पोलिसांना फोन लावला. पलीकडच्याने येतो म्हटलं, पण राहुरीहून यायला वेळ लागणार हे मला माहीत होतं.

आक्का घरातून बाहेर आल्या आणि गर्दीत शिरल्या. मला वाटलं त्या हात जोडतील. त्या विलाससमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या. विलासने त्यांना डाव्या हाताने बाजूला केलं, आणि उजव्या हातातली काठी त्यातल्या मोठ्या माणसाच्या तोंडावर मारली. मग बाकीच्यांचे हात सुटले.

आक्का तिथे ओरडत बसल्या नाहीत. त्या फिरल्या, देवळात गेल्या आणि भोंगा खरखरला. भर दुपारी तो आवाज ऐकून मारणारेही क्षणभर थबकले. नेहमीच्याच संथ आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्या बोलल्या.

"ऐका काठवस्ती. पक्की बातमी एक. स्वरा सापडत न्हाई. ऐकीव बातमी एक. ह्या मानसांनी तिला नेली. ज्यानं नेताना पाह्यलं आसंल त्यानं हितं यावं, माईकवर सोताचं नाव सांगावं आन् काय पाह्यलं त्ये सांगावं. मी थांबते."

आणि त्या थांबल्या. भोंगा चालू होता, त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बिस्किटांचं कोण बोललं होतं, तेही कोणी सांगेना. कोणीही पुढे आलं नाही.

बराच वेळ गेल्यावर त्या पुन्हा बोलल्या. "समदी हितं हाईत. मग पोरीला कोन हुडकतंय? पानी तीन बाजूंनी हाय."

पाण्याचं नाव निघालं आणि स्वराची आई काठाकडे पळत सुटली. तिच्यामागे आधी बायका गेल्या, मग पुरुषांमधले निम्मे. कोणी होडी काढली, कोणी उसात शिरलं, कोणी विहिरींवर गेलं. पण पाच-सहा जण लिंबापाशीच राहिले, विलास त्यांच्यात होता. आक्का देवळातून आल्या आणि बांधलेल्या माणसांना पाठ लावून, गर्दीकडे तोंड करून खाली बसल्या. मीही जाऊन त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. मी भिंतीपाशी उभी राहिले. विलास त्यांच्यासमोर काठी धरून उभा होता. मागच्या माणसाच्या तोंडातून रक्त गळून आक्कांच्या खांद्यावर पडत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

स्वरा सापडली ती खळ्यावर. बाजरीची कणसं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती, त्या ताडपत्रीच्या सावलीत शिरून ती झोपली होती. तिला उचलून आणताना ती रडत होती, अंगाला कूस लागून खाज सुटली होती म्हणून. तिला बघितल्यावर लिंबापाशी उभे असलेले पांगायला लागले. एकाने काठी मांडवात नेऊन ठेवली, जणू ती तिथलीच होती आणि हलवलीच नव्हती. कोणीतरी दोर सोडले. कौसल्याबाईंनी त्या बाईला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

पोलीस आले तेव्हा वस्ती आपापल्या घरात गेली होती. मोठ्या माणसाचा एक डोळा गेला हे आम्हाला नंतर कळलं. धाकट्याचा हात दोन ठिकाणी मोडला होता. हवालदारांनी विचारलं, कोणी मारलं. दारादारातून एकच उत्तर आलं, गर्दी होती, दिसलं नाही. मीही सांगितलं की मी फोन लावत होते, सगळं दिसलं नाही. ते अर्धं खरं होतं.

आक्कांनी ओट्यावर बसून जबाब दिला. पहिलं नाव विलासचं सांगितलं.

चार दिवसांनी मी धीर करून त्यांना विचारलं, त्याचंच नाव पहिलं का घेतलंत. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पयलं पाह्यलं त्ये पयलं सांगितलं, बाई."

विलासला आणि इतर तिघांना पोलिसांनी नेलं. महिनाभराने जामिनावर चौघेही सुटून आले, पण मधल्या काळात दिवाळी होऊन गेली होती, आणि ती दिवाळी मी विसरणार नाही. आक्कांच्या दारात पणती होती आणि ओट्यावर कोणी नव्हतं. फराळाचं ताट त्यांच्याकडे गेलं नाही, त्यांनी पाठवलेली ताटं वर झाकलेल्या कापडासकट परत आली. देवळाच्या समितीने माईकच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. पिठाच्या गिरणीवर त्यांचा डबा सगळ्यांत शेवटी दळला जाई. ज्यांच्या लेकरांना त्यांनी अंगणवाडीत भरवलं होतं त्या बाया त्यांना बघून रस्ता बदलत. विलास परतला तो मित्राकडे राहायला गेला. आक्कांचं नाव काढलं की तो तिथून उठे.

भोंगा गेल्यावर आक्कांनी पाटी शाळेच्या फाटकाला टांगली. उजवीकडे पक्की, डावीकडे ऐकीव. सकाळी मुलं वाचत, मग घरी जाऊन सांगत. आठवड्याने ग्रामपंचायतीतले दोघे मला भेटायला आले. बोलले गोडच. बाई, तुम्ही बाहेरच्या, तुमची बदली जवळ आलीय, शाळेत हे कशाला. मी त्या दिवशी संध्याकाळी आक्कांकडे गेले. त्यांनीच विचारलं, पाटी काढायची का. मी मान डोलावली. त्या फाटकापाशी आल्या, पाटी काढली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "तुमी जीवाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी पाटी होडीच्या धक्क्यावरच्या बाभळीला दिसली. धक्का कोणाच्या मालकीचा नव्हता. त्यांच्याशी न बोलणारी माणसं तिथे होडीची वाट बघत उभी राहत, आणि दुसरीकडे बघत असल्यासारखं करून पाटी वाचत. मळणीयंत्र कुठे आलंय, लस कधी आहे, हे समजायला दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. त्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या अड्ड्यावर पुन्हा कोणीतरी पोरं पळवल्याची आवई उठवली. बायका धक्क्यावर गेल्या. पाटीवर लिहिलं होतं, अड्ड्यावर जाऊन सगळी पोरं नावानिशी बघितली, सगळी आहेत. बायका घरी गेल्या. इतकंच झालं. आक्कांशी त्या दिवशीही कोणी बोललं नाही.

माझी बदली संगमनेरकडे झाली. खटला नगरच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावणं आलं, कारण फोन मी केला होता. निकाल पुढे लागला, चौघांना शिक्षा झाली. विलास ती भोगून परत आला तो आक्कांच्याच घरी, आणि शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं त्याने केलं, असं कौसल्याबाई फोनवर सांगत. ती दोन वर्षं मी पाहिलेली नाहीत. मी आक्कांना शेवटचं पाहिलं ते कोर्टातच.

माझी साक्ष जेवणाच्या सुट्टीआधी झाली. या वेळी मी जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर आक्का बसल्या होत्या. धुवट नऊवारी, पायात नव्या चपला, त्या चावत होत्या म्हणून काढून बाजूला ठेवलेल्या. पलीकडच्या टोकाला विलास आणि ते तिघे वकिलाभोवती उभे होते. आक्कांनी फडकं सोडलं. बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. अर्धी भाकरी मला दिली. मग उठल्या, अनवाणीच त्या टोकाला गेल्या आणि उरलेली अर्धी विलासपुढे धरली. विलास भिंतीकडे बघत राहिला. आक्का हात तसाच धरून उभ्या राहिल्या. शेवटी त्याने भाकरी घेतली. खाल्ली नाही, हातात धरून ठेवली. आक्का परत येऊन बसल्या. स्वतः जेवल्या नाहीत.

सुट्टीनंतर शिपायाने त्यांचं नाव पुकारलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आक्का पिंजऱ्यात चढल्या, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी समोरच्या चौघांकडे बोट करून विचारलं, यांना ओळखता का. आक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली आणि चौघांकडे एकेक करून बघितलं.

"तिघं वस्तीतली हाईत. त्यांनी मारलं, पन कुनी कुठं मारलं त्ये मला नीट दिसलं न्हाई. चौथ्याचं दिसलं. पयली काठी त्याची. मी हातभर अंतरावर हुते."

खाली बसून टाईप करणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, चौथा आरोपी तुमचा कोण लागतो, नातं काय लिहू.

उत्तराला इतका वेळ घेताना मी आक्कांना कधी बघितलं नव्हतं. विलासने पहिल्यांदा मान वर केली होती.

"कागदावर पुतन्या हाय," आक्का म्हणाल्या. "तुमी लेक लिवा."